गाडीचा सातबारा

गेल्या ऑक्टोबरातले माझे तीन वीकेंड गाडीखाली आडवं पडण्यात गेले. गाडी माझी नव्हे, अभयची. म्हणजे खरं तर अभयचीही नव्हे, त्याला ती घ्यायची होती.

अभय माझ्या टीममधला. चाळिशी आली की कुणी मॅरेथॉन धावतं, कुणी तबला शिकतं. अभयला १९६९ ची कॅमेरो झेड/२८ हवी होती. सिनसिनाटीहून ओहायो नदी ओलांडून केंटकीत गेलं, की एका लहानशा गावात एक आजीबाई आपल्या दिवंगत नवऱ्याची गाडी विकत होत्या. किंमत ६८ हजार डॉलर. "तू डेटाबेसवाला ना, चल तपासायला," म्हणून त्याने मला धरून नेलं. मला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही, हे त्याच्या दृष्टीने गौण होतं.

आता या गाडीची कथा ऐका. १९६६ साली अमेरिकेत ट्रान्स-अ‍ॅम नावाची शर्यतींची मालिका सुरू झाली. नियम असा, की इंजिन ५ लिटरच्या, म्हणजे ३०५ घनइंचांच्या आत हवं आणि गाडी दुकानात सामान्य गिऱ्हाइकाला मिळणारी हवी. जनरल मोटर्सने १९६३ पासून शर्यतींतून अधिकृतपणे अंग काढून घेतलेलं. पण शेवरलेत विन्स पिगिन्स नावाचा खटपट्या माणूस होता. ३२७ घनइंची इंजिनाचं सिलिंडर आणि २८३ वाल्याचा स्ट्रोक यांची सोयरीक जमवली, की बरोबर ३०२ भरतात! ऑर्डर फॉर्मवर या सगळ्या सरंजामाचा कोड होता झेड२८. तेच नाव चिकटलं. १९६७ मध्ये अशा फक्त ६०२ गाड्या झाल्या. १९६८ आणि १९६९ मध्ये पेन्स्कीच्या संघातल्या मार्क डोनाह्यूने ट्रान्स-अ‍ॅम जिंकून दिली आणि १९६९ चा आकडा गेला २०,३०२ वर.

याहूनही दुर्मिळ भावंड म्हणजे झेडएल-१. या आकाराच्या गाडीत ४०० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा कंपनीचा स्वतःचाच नियम होता. पण टॅक्सी आणि पोलिसांच्या गाड्यांसारख्या खास मागण्यांसाठी मुख्य कार्यालयातून जाणारी एक वेगळी खिडकी होती, 'कोपो' नावाची. इलिनॉयमधल्या फ्रेड गिब नावाच्या डीलरने त्या खिडकीतून ४२७ घनइंची अ‍ॅल्युमिनियम इंजिनाच्या ५० कॅमेरो मागवल्या. साधी व्ही-८ कॅमेरो तीन हजार डॉलरच्या आत मिळायची. हिचं बिल आलं सात हजारांच्या वर. गिबने कपाळाला हात लावला आणि बऱ्याचशा गाड्या परत पाठवल्या. एकूण बनल्या ६९. आज त्यांच्यासाठी लोक घरं विकतील. असो.

मुद्दा असा, की झेड/२८ हे वेगळं मॉडेल नव्हतं. साध्या कॅमेरोवर साडेचारशे-पाचशे डॉलरचं जादा सामान, बस्स. आणि ते गाडीच्या नंबरात कुठेच लिहिलेलं नाही! १९६९ च्या कॅमेरोचा व्हीआयएन तेरा अक्षरांचा. १ म्हणजे शेवरले, २४ म्हणजे व्ही-८ कॅमेरो, ३७ म्हणजे कूपे, ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे नॉरवूडचा कारखाना, पुढे अनुक्रमांक. व्ही-८ आहे एवढं कळतं, पण कुठलं व्ही-८ ते गुलदस्त्यात. त्या वर्षी सगळ्या मिळून २,४३,०८५ कॅमेरो बनल्या. त्यातली कुठलीही व्ही-८ घ्या, पट्टे मारा, बिल्ला लावा... झाली झेड/२८.

क्रायस्लरवाले शहाणे. त्यांच्या १९७०-७१ च्या गाड्यांच्या नंबरात पाचवं अक्षर इंजिनाचं. 'आर' असेल तर ४२६ हेमी. फोर्डही इंजिनाचं अक्षर नंबरात घालायची, शिवाय १९६७ पासूनचा त्यांचा उत्पादनाचा डेटाबेस वाचला. केव्हिन मार्टी नावाच्या गृहस्थांकडे फोर्डच्या परवान्याने तो आहे, आणि नंबर दिला की ते गाडीची कुंडली छापून देतात. जनरल मोटर्समध्ये पाँटिअ‍ॅकची बिलं टिकली, पण अमेरिकेतल्या शेवरलेच्या गाड्यांची अशी नोंदच उरलेली नाही. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शन डेटा उडवला आणि बॅकअप नाही.

आणखी एक गंमत. गाडीच्या नंबरात चेक डिजिट आला तो १९८१ च्या मॉडेलपासून. सतरा अक्षरं, त्यात नववं अक्षर बाकीच्यांवरून गणित करून काढलेलं. त्याआधी मनात येईल तो अनुक्रमांक ठोका, पकडणार कोण? जुना मोडी कागद खोटा आहे का, हे पाहायला इतिहासवाले तिथी आणि वार जंत्रीशी ताडून बघतात. वार हा एका अर्थी चेक डिजिटच की. १९६९ च्या कॅमेरोला वार नाही, पण तिथ्या पुष्कळ आहेत, आणि बनावट पकडायची ती तिथेच.

या तिथ्या तीन. इंजिनाचा ब्लॉक ओतला तो दिवस, इंजिन जुळवलं तो दिवस, आणि गाडीचं शरीर तयार झालं तो आठवडा. क्रम हाच हवा. ओतकामाची तारीख इंजिनाच्या मागे उठावात असते. महिन्याला अक्षर, म्हणजे ए जानेवारी, बी फेब्रुवारी. जुळणीची तारीख पुढच्या बाजूला, उजव्या सिलिंडर हेडसमोरच्या एका बोटभर सपाट पट्टीवर ठोकलेली. तिथेच 'डीझेड' हा १९६९ च्या झेड/२८ चा कोड, आणि गाडीच्या नंबराचा शेवटचा भाग. हे सगळं जुळलं की गाडी 'मॅचिंग नंबर्स'. १९७३ च्या तेलसंकटानंतर या गाड्या कवडीमोल झाल्या होत्या, इंजिन बसलं तर लोक भंगारातलं दुसरं टाकायचे. नंबरांचं सोवळं सुरू झालं ते किमती चढल्यावर. आणि सोवळं आलं की सोंगंही आलीच.

आजीबाईंच्या गॅरेजात गाडी नव्या नवरीसारखी उभी होती. आम्हाला कॉफी, घरचा केक, सगळं. "यांनी १९९१ साली घेतली. दर रविवारी पुसायचे," त्या म्हणाल्या. घर विकून मुलीजवळ राहायला जायचं होतं, तिथे गॅरेज नव्हतं.

काचेमागची नंबरपट्टी अस्सल होती, फुलाच्या आकाराचे रिव्हेटसुद्धा जागेवर. विंडशील्डखालच्या जाळीआड ठोकलेला लपलेला नंबरही जुळला. अभय नाचायचाच बाकी होता. मग इंजिनाच्या कप्प्यातली पत्र्याची पट्टी पाहिली. त्यावर 'एक्स३३', म्हणजे झेड/२८, आणि तारीख १०बी, म्हणजे ऑक्टोबर १९६८ चा दुसरा आठवडा.

मी दोनदा वाचलं. नॉरवूडने या पट्टीवर एक्स कोड छापायला सुरुवात केली डिसेंबर १९६८ मध्ये. ऑक्टोबरातल्या गाडीवर तो असूच शकत नाही. पट्टी नवीन बनवलेली. बनवणाऱ्याला कोड माहीत होता, पण तो कधी सुरू झाला हे माहीत नव्हतं.

मग टॉर्च लावून इंजिनाची पट्टी. कारखान्यात ब्लॉकचा माथा तासला जातो, तेव्हा त्यावर बारीक समांतर रेघा उमटतात. इथे गुळगुळीत, कुणीतरी घासून काढलेलं. वर डीझेड आणि ४ ऑक्टोबर. शेवटी मी आरसा घेऊन गाडीखाली शिरलो. मागची तारीख होती सी १४ ९, म्हणजे १४ मार्च १९६९. इंजिन ओतायच्या पाच महिने आधीच जुळवलेलं! बारसं आधी, जन्म नंतर.

अभय गप्प. आजीबाईंना सांगायचं कुणी? तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. शेवटी मीच सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे यांना माहीत होतं का?"

याचं उत्तर लोखंडावर ठोकलेलं नसतं. त्या आत गेल्या आणि एक बुटांचा खोका घेऊन आल्या. पेट्रोलच्या, टायरच्या पावत्या, आणि तळाशी १९९१ ची खरेदीची पावती. तिच्यावर स्वच्छ लिहिलेलं, 'झेड/२८, मूळ इंजिन'. आकडा साध्या कॅमेरोला कुणी दिला नसता असा. अभयने तो वाचून दाखवला. "मग फसले बिचारे," त्या म्हणाल्या, आणि मला उगाच वाटलं की त्यांचा चेहरा थोडा सैल झाला.

काहीही न सांगता त्या गाडी दुसऱ्या कुणाला ६८ हजारांना देऊ शकल्या असत्या. तसं त्यांना सुचवणारा एक शेजारी आमच्यासमोरच येऊन गेला. त्यांनी त्याला केकचा तुकडा दिला आणि वाटेला लावलं.

अभयने तीन आठवडे विचार केला. (त्यातले उरलेले दोन वीकेंड गाडीचं बाकी अंग तपासण्यात गेले. बॉडी ठणठणीत होती.) साध्या व्ही-८ कॅमेरोचा चालू भाव काढला, त्यावर रंगकामाचे थोडे जास्त लावले, आणि त्या किमतीला गाडी घेतली. आजीबाईंची एक अट होती. आम्ही काय काय पाहिलं, ते तारखांसकट एका कागदावर लिहायचं. मी लिहिलं, तिघांनी सह्या केल्या आणि तो १९९१ च्या पावतीबरोबर ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवला.

बाजूचा झेड/२८ चा बिल्ला अभयने अजून काढलेला नाही. काढतो म्हणतो, हिवाळा संपला की.