कोशाची दुहेरी वाट

इंग्रजी शब्दसंपदा वाढावी म्हणून आपल्यापैकी अनेक घरांत मराठी मागे सारली जाते. कोशांचा इतिहास मात्र निराळी वाट दाखवितो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये व त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८६३ मध्ये मोल्सवर्थचा संक्षेप सिद्ध केला. ‘राग’ म्हणजे क्रोध की गायनातला राग, हे ज्याला उमगते त्यालाच नेमका इंग्रजी प्रतिशब्द निवडता येतो. शब्दाची पारख मायबोलीतच घडते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही कसोटी आपणच टाकून दिली, तर परभाषेचे सोने कशावर घासून पाहणार?