दुपारची खोली

परवा बोईसरहून लेकीचा फोन आला. "बाबा, मुलांना सुट्टी लागली की इमॅजिकाला जायचं ठरतंय. तुम्ही दोघंही चला. राहायचं मात्र तिथल्याच हॉटेलात!"

भाडे ऐकून माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, "खोपोलीत साधे लॉज असतील की! रात्री पाठ टेकण्यापुरती तर खोली हवी. एवढे पैसे कशाला?" ती ऐकेना, मी ऐकेना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "एस्सेलवर्ल्ड आठवतंय का?" मी गप्पच झालो.

एस्सेलवर्ल्ड १९८९ साली गोराईला सुरू झाले. मुलांनी हट्ट धरला म्हणून १९९१ च्या मे महिन्यात आम्ही पालघरहून निघालो. तेव्हा लोकल विरारलाच संपायची, डहाणूपर्यंत ती यायला २०१३ साल उजाडले. म्हणजे आधी शटल, मग लोकल, बोरिवलीहून बस आणि शेवटी खाडी ओलांडायला लाँच. मुक्काम करायचा विचारही मनात आला नाही, त्याच दिवशी परत! डबे, पाणी, बदलायचे कपडे अशा दोन पिशव्या होत्या. त्या सांभाळायला कुणीतरी हवे, म्हणून ही दिवसभर एका बाकावर बसून राहिली. एकाही पाळण्यात बसली नाही. आणि मी मात्र घरी आल्यावर खर्चाचा हिशेब मांडून खूश!

माझ्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. आमची जत्रा म्हणजे डहाणूजवळच्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची. चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस चालते. पाळणे, खेळणी, मिठाई, सगळे तिथे. आम्ही बैलगाडीने जायचो. दुपारी ऊन चढले की आजी गाडीखालच्या सावलीत आडवी व्हायची आणि संध्याकाळी पुन्हा ताजीतवानी. आज कळते, ती गाडी हीच आमची खोली होती.

या निमित्ताने थोडे वाचले तेव्हा गंमत वाटली. जुलै १९५५ मध्ये वॉल्ट डिस्ने यांनी कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला डिस्नेलँड उघडले, तेव्हा सगळा पैसा पार्कातच संपला होता. हॉटेल बांधायला हातात काही उरले नव्हते. म्हणून त्यांनी जॅक रॅदर नावाच्या दूरचित्रवाणी निर्मात्याला गळ घातली. त्याचे 'डिस्नेलँड हॉटेल' त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरू झाले. नाव डिस्नेचे, पण धंदा रॅदरचा! १९६१ पासून तर पार्कातली मोनोरेल थेट या हॉटेलपर्यंत जाऊ लागली. भोवती रस्त्याच्या कडेला मोटेलांची रांग उभी राहिली ती वेगळीच. माणसे पार्कासाठी येत, पण रात्रीचे पैसे शेजाऱ्यांच्या खिशात जात. हे हॉटेल डिस्ने कंपनीच्या हाती यायला १९८८ साल लागले.

डिस्ने हा धडा विसरले नाहीत. पुढे फ्लोरिडात त्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी गुपचूप सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली. ते स्वतः १९६६ साली गेले. पण १ ऑक्टोबर १९७१ ला तिथले पार्क उघडले, तेव्हा तिथली दोन हॉटेले पहिल्या दिवसापासून तयार होती. आपल्याकडे खालापूर तालुक्यात २०१३ साली इमॅजिका सुरू झाले आणि दोनच वर्षांत शेजारी नोव्होटेल उभे राहिले. कुंपणाच्या मालकाला पाहुणा रात्रीही कुंपणातच हवा असतो. त्याचे गणित सरळ आहे.

मग माझे काय चुकले? पैसे गावातल्या चार घरांत जावेत, हे तर मला आजही पटते. आमच्या केळव्यालाच बघा. समुद्राला ना फाटक ना तिकीट. वाडीतल्या घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. माणसे घरगुती जेवतात, दुपारी लवंडतात आणि उन्हे कलली की सुरूच्या बनातून किनाऱ्यावर येतात. पैसा गावात राहतो आणि पाहुण्याला दुपारही मिळते.

पण हे जमते, कारण तिथे खोली चालत जाण्याच्या अंतरावर असते. मी भाडे मोजत होतो ते रात्रीचे. जवळच्या खोलीची खरी किंमत असते दुपारी. लहान मूल पेंगायला लागते, म्हातारे गुडघे बोलायला लागतात, तेव्हा गाडी काढून लॉजवर कोण जाणार? कुणीतरी बाकावर बसून राहते. आणि ते 'कुणीतरी' बहुतेक घरांत ठरलेलेच असते!

तरुण पोरांनी खुशाल बाहेर राहावे, पैसे वाचवावेत. बरोबर नातवंडे आणि आजी असेल तर मात्र आतली खोली घ्यावी. फक्त दुपारी बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा आत सोडतात ना, एवढे आधी विचारून घ्यावे, नाहीतर सगळा खटाटोप फुकट.

असो. लेकीला फोन करून सांगितले, खोली आतलीच घे, निम्मे भाडे माझे. हिला म्हटले, या खेपेला पिशव्या मी सांभाळीन. "बघू या," एवढेच म्हणाली.