भिंत गावाभोवती धावते

परवा माळ्यावरची ट्रंक आवरताना अण्णांची ती वही हाती लागली. घरच्या मंडळींना आठवत असेल, लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, वाण्याच्या खातेवहीसारखी. अण्णांनी तिच्यात आयुष्यभर इंग्रजी क्रियापदं लिहून ठेवली. गेट, टेक, मेक, पुट यांना एकेक पान. 'रन'ला मात्र साडेचार पानं!

यामागची गोष्ट अण्णांनी मला एकदाच सांगितली होती. शाळेत मास्तरांनी भाषांतराला वाक्य दिलं, 'द वॉल रन्स राउंड द व्हिलेज'. अण्णांनी लिहिलं, 'भिंत गावाभोवती धावते.' मास्तरांनी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. झालं! त्या दिवसापासून गावात अण्णांचं नाव 'धावती भिंत'. लग्नाकार्यात कोणी जुना सोबती भेटला की "काय रे भिंती, धावतेस का अजून?" अण्णा हसायचे. पण घरी आल्यावर त्या दिवशी फारसं बोलायचे नाहीत. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला जवळजवळ पाठ असलेला हा माणूस चारचौघांत इंग्रजीचं एक वाक्य कधी बोलला नाही. अमेरिकेतून नातीचा फोन आला तरी रिसीव्हर आईकडे द्यायचे.

आता गंमत (आणि थोडं वाईटही वाटतं) अशी की, ज्या शब्दावर अण्णा अडखळले त्याच्यापुढे ऑक्सफर्डचे पंडितही टेकीला आले होते.

लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली रिचर्ड ट्रेंच नावाच्या पाद्रीबाबांनी भाषण केलं की, आपले इंग्रजी कोश अपुरे आहेत. त्यातून पुढे ऑक्सफर्डचा मोठा कोश उभा राहिला. पहिला संपादक हर्बर्ट कोलरिज १८६१ साली तिशीतच गेला. १८७९ साली काम जेम्स मरे या शाळामास्तरांकडे आलं. त्यांनी अंगणात पत्र्याची शेड बांधली, तिला नाव दिलं 'स्क्रिप्टोरियम', आणि लोकांना आवाहन केलं की पुस्तकं वाचा, शब्द कुठे कसा वापरलाय ते वाक्य चिठ्ठीवर लिहा आणि पाठवा. चिठ्ठ्या लाखांनी आल्या. मरेसाहेबांची अकरा मुलं खाऊच्या पैशांसाठी त्या लावत बसायची. सगळं काम दहा वर्षांत उरकायचं ठरलं होतं. १८८४ साली पहिला भाग निघाला तो 'ए'पासून 'अँट'पर्यंत, म्हणजे पाच वर्षांत मुंगीपर्यंत मजल! मरे १९१५ साली वारले तेव्हा 'टी'वर काम चालू होतं. कोश पुरा झाला १९२८ साली.

इतका वेळ का लागला? अवघड शब्दांमुळे, असं आपल्याला वाटेल. पण अवघड शब्द सोपेच असतात. 'ऱ्हायनॉसरस' म्हणजे गेंडा, विषय संपला. घाम काढतात ती तीनचार अक्षरी क्रियापदं. १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद 'सेट'ची होती, चारशेतीसच्या आसपास अर्थ. मग तिसऱ्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या संपादकांनी 'रन' हातात घेतला. त्या एका क्रियापदावर त्यांचे नऊ महिन्यांहून अधिक गेले आणि २०११ साली आकडा जाहीर झाला: ६४५ अर्थ. मी ही बातमी वाचली तेव्हा अण्णांना जाऊन सात वर्षं झाली होती. पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की अण्णांना फोन करावा.

पायांनी धावणं आणि पाण्याचं वाहणं हे दोन्ही अर्थ 'रन'मध्ये अगदी जुन्या इंग्रजीपासून आहेत. मला वाटतं खरी मेख इथेच आहे. पाणी पसरत जातं, मग त्याच्यासारखा रस्ता 'धावतो', डोंगराची रांग 'धावते', आणि हो, भिंतही धावते! पुढे आली वाफेची यंत्रं. गिरणी, इंजिन, आगगाडी सगळं 'रन' होऊ लागलं. यंत्र चालवता येतं तसा धंदाही चालवता येतो, म्हणून माणसं कंपन्या 'रन' करू लागली. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीत धावतो, इंग्लंडात मात्र तो उभा राहतो. आपण इंग्रजांकडून शिकलो, म्हणून आपला उमेदवारही उभाच राहतो आणि पुष्कळदा तिथेच राहतो. असो.

आता अण्णांची वही बघा. डाव्या बाजूला इंग्रजी वाक्य, उजवीकडे मराठी. नाक 'रन' होतं, आपलं वाहतं. साखर 'रन आउट' होते, आपली संपते. लुगड्याचा रंग 'रन' होतो, आपला जातो. ताप भरतो, धोका पत्करायचा, वाटेत कोणाची गाठ पडते. दुकान, गिरणी, शाळा, संसार हे सगळं इंग्रजीत धावतं, आणि आपल्याकडे? चालतं. अण्णांनी या चौघांना एका महिरपी कंसात घालून पुढे लिहिलंय, 'साहेब धावतो तिथे आपण चालतो.'

हे वाचून मी मोल्सवर्थ उघडला. जेम्स मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. पंडितांना हाताशी धरून त्यानं मराठी-इंग्रजी कोश केला, १८३१ साली. त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली १८५७ साली, म्हणजे ट्रेंचचं भाषण झालं त्याच वर्षी. इंग्रजी-मराठी कोशही त्यानंच आरंभला, पण तो तडीला नेला थॉमस कँडीनं, १८४७ साली. (मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय ज्याला देतात तोच हा कँडी.) मोल्सवर्थमध्ये 'चालणें' बघाल तर लक्षात येईल की आपलंही क्रियापद काही कमी नाही. घड्याळ चालतं, नाणं चालतं, डोकं चालत नाही, भांडण चालतं, पोट चालतं (याचे तर दोन अर्थ, एक बरा आणि एक वाईट!). आणि 'चालेल' या एका शब्दावर तर अर्धा महाराष्ट्र संसार करतो. 'वॉक' या शब्दानं यातलं एकही काम व्हायचं नाही. उद्या एखाद्या इंग्रज पोरानं 'माझं घड्याळ वॉक करतं' असं लिहिलं तर आपण हसू. पण ते पोरगं चुकलं कुठे? त्याला शब्द येतो, शब्दाचा गोतावळा माहीत नाही, इतकंच. अण्णांचं तेच झालं होतं. मास्तरांनी हसण्याऐवजी दोन मिनिटं समजावलं असतं तर... जाऊ दे.

'रन'च्या पहिल्याच ओळीत ते वाक्य आहे. शेजारी बरोबर उत्तर, 'गावाभोवती भिंत आहे.' आणि खाली वेगळ्या शाईत, बहुधा पुष्कळ वर्षांनी लिहिलेलं: 'इंग्रजीत भिंत का धावते? विचारणे.' कोणाला विचारणार होते कोण जाणे. शेवटची नोंद क्रिकेटची, 'रन आउट = धावचीत', आणि पुढे, 'छान शब्द. येथे धावणे बरोबर.' हे लिहिताना ते नक्की खुशीत असणार, कारण अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलंय.

पाचवं पान अर्धं कोरं आहे. पुण्याचा पुतण्या बसला होता, त्याला वही दाखवली. म्हणाला, "काका, यात आमचा रन नाही. प्रोग्रॅम रन केला." मी विचारलं, मराठीत काय म्हणता? "रन केला असंच म्हणतो की!" मग पेन्सिल घेऊन 'धावचीत'च्या खाली तेवढं लिहून ठेवलं. उजवी बाजू कोरी सोडली आहे.