काडतूस पुनर्भरण

काडतूस पुनर्भरण म्हणजे एकदा वापरलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी तपासून, ती मूळ आकारात आणून, तिच्यात नवा प्राइमर, नवी दारू आणि नवी गोळी बसवून काडतूस पुन्हा वापरण्याजोगे करण्याची क्रिया होय. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील काही देशांत अनेक नेमबाज व शिकारी हे काम घरातील स्वतंत्र टेबलावर छंद म्हणून करतात. भारतात मात्र दारूगोळ्याचे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश कायद्याने 'दारूगोळा' या संज्ञेत केलेला आहे. त्यामुळे परवान्याशिवाय असे टेबल घरी मांडता येत नाही.

काडतुसाचे घटक

रायफल किंवा पिस्तुलाच्या काडतुसाचे चार घटक असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारा प्राइमर, आतील दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बंदुकीचा घोडा ओढल्यावर आघातपिन प्राइमरवर आदळते, त्यातील संवेदनशील मिश्रण पेटते आणि त्याची ज्वाला छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते. दारूच्या ज्वलनातून निर्माण झालेला वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. बारा बोअरच्या बंदुकीच्या काडतुसात एका गोळीऐवजी छर्रे असतात आणि दारू व छर्रे यांच्यामध्ये वॅड नावाची चकती असते.

पुनर्भरण प्रामुख्याने मध्यप्रहारी काडतुसांचे होते. या काडतुसांत प्राइमर बुडाच्या मधोमध स्वतंत्रपणे बसवलेला असल्याने तो काढून नवा बसवता येतो. १८६६ साली अमेरिकेत हायरम बर्डन आणि इंग्लंडमध्ये एडवर्ड बॉक्सर यांनी प्राइमरच्या दोन वेगळ्या रचनांचे पेटंट घेतले. बॉक्सर रचनेत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असल्याने जुना प्राइमर आतून सरळ सुईने ढकलून काढता येतो. बर्डन रचनेत साधारणपणे दोन लहान छिद्रे असतात व ती मध्यापासून बाजूला असतात, म्हणून तिचे पुनर्भरण जिकिरीचे ठरते. पॉइंट टू टू काडतुसात प्रज्वलनमिश्रण बुडाच्या कडेतच भरलेले असते. एकदा ठेचली गेलेली ती कड पुन्हा वापरता येत नाही.

कोकणात शेतीसंरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बाराच्या वेळी दारू थेट नळीत भरली जाते. तिच्यात पुंगळीच नसल्याने त्या क्रियेला पुनर्भरण म्हणत नाहीत.

प्रक्रिया

प्रथम पुंगळ्या स्वच्छ करून तडे, फुगवटे व सैल झालेली प्राइमरची खोबण यांसाठी एकेक तपासली जाते. सदोष पुंगळी बाद केली जाते. नंतर दाबयंत्रात बसवलेल्या साच्यातून पुंगळी नेऊन तिचा आकार पूर्ववत केला जातो व जुना प्राइमर बाहेर काढला जातो. वारंवार वापरामुळे पुंगळी लांब होते, म्हणून ती मोजून जादा भाग कापला जातो. त्यानंतर नवा प्राइमर बसवणे, मोजून दारू भरणे आणि ठरावीक खोलीपर्यंत गोळी बसवणे या पायऱ्या येतात.

दारूचे वजन 'ग्रेन' या एककात मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम, अर्थात सोनाराच्या जुन्या मापातील जवळजवळ अर्धी गुंज. एका ग्रॅममध्ये १५.४३ ग्रेन होत असल्याने ग्रेन व ग्रॅम यांची गल्लत घातक ठरते.

धोके

९ मिलिमीटर लुगर काडतुसासाठी अमेरिकी उद्योगसंस्थेने ठरवलेला कमाल सरासरी दाब दर चौरस इंचाला ३५,००० पौंड आहे. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या तो सुमारे हजारपट भरतो. हा दाब नेमबाजाच्या चेहऱ्यापासून काही इंचांवर निर्माण होतो.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे एकाच पुंगळीत दोनदा दारू पडणे. पिस्तुलाच्या दारूचे माप पुष्कळदा पुंगळीचा अर्धा भागही व्यापत नाही, त्यामुळे दुप्पट माप सहज मावते आणि गोळी बसवल्यावर ते दिसत नाही. त्याउलट दारू मुळीच न पडल्यास प्राइमरच्या जोरावर गोळी नळीत जाऊन अडकते. आवाज क्षीण आला म्हणून दुर्लक्ष करून पुढचा बार काढल्यास नळी फुटू शकते. दारूचे प्रकार एकमेकांत मिसळणे, गोळी प्रमाणाबाहेर खोल बसवणे आणि छापील मापापेक्षा जास्त दारू भरणे यांमुळेही दाब धोकादायक पातळीवर जातो.

धूरविरहित दारू उघड्यावर वेगाने जळते. बंदिस्त, मजबूत भांड्यात मात्र तिचा स्फोट होतो. काळी दारू याहून अधिक धोकादायक असून ठिणगीनेही तिचा भडका उडतो. प्राइमर आघात, उष्णता आणि स्थितिक विद्युत यांना संवेदनशील असतात आणि एकाच्या स्फोटाने शेजारचे प्राइमरही उडू शकतात. बहुतेक प्राइमरमध्ये शिशाचे संयुग असल्याने पुंगळ्या साफ करताना उडणारी धूळ शरीरात जाण्याचा धोका असतो.

टेबलाची सुरक्षित मांडणी

पुनर्भरण कायदेशीर असलेल्या देशांत नवशिक्यासाठी पुढील नियम सर्वमान्य आहेत:

टेबल भक्कम व भिंतीला पक्के बसवलेले असावे, उजेड पुरेसा असावा. स्वयंपाकघर, देवघरातील दिवा, गॅसवर चालणारा गिझर आणि धूम्रपान यांपासून जागा दूर असावी.
टेबलावर एका वेळी एकाच प्रकारच्या दारूचा डबा असावा. काम संपताच उरलेली दारू तिच्याच मूळ डब्यात परत जावी.
दारूचे माप केवळ छापील, अधिकृत पुस्तिकेतून घ्यावे आणि किमान मापापासून सुरुवात करावी. तराजू प्रमाणित वजनाने तपासावा.
गोळी बसवण्यापूर्वी सर्व पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या ठेवून प्रकाशात प्रत्येकीतील दारूची पातळी पाहावी.
प्राइमर मूळ वेष्टनातच ठेवावेत, बरणीत एकत्र ओतू नयेत.
डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. टेबलापाशी खाणेपिणे टाळावे व काम झाल्यावर हात धुवावेत.
काम अर्धवट सोडावे लागल्यास अपुऱ्या पुंगळ्या रिकाम्या करून पुन्हा आरंभ करावा.

अमेरिकेतील अग्निसुरक्षा मानकानुसार घरात मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ९ किलो, धूरविरहित दारू आणि १०,००० प्राइमर ठेवता येतात. त्याहून अधिक, ५० पौंडांपर्यंतची दारू जाड लाकडी पेटीत ठेवावी लागते. आग लागल्यास लाकडी पेटी दाब कोंडून ठेवत नाही, हे लाकूड निवडण्याचे कारण आहे.

भारतातील कायदेशीर स्थिती

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधील व्याख्येनुसार बंदुकीत भरायची दारू, दारूगोळ्याचे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्री हे सर्व दारूगोळाच होय. कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यास स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना असणे म्हणजे काडतुसे भरण्याची मुभा असणे नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ चा भंग करून दारूगोळा तयार करण्याबद्दल किमान सात वर्षांच्या कारावासापासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. परदेशातून पुनर्भरणाची साधने आणण्यासाठी कलम १० खालील आयात परवाना आवश्यक ठरतो. दारूसारख्या स्फोटकांना याशिवाय स्फोटक अधिनियम, १८८४ आणि स्फोटक नियम, २००८ लागू होतात. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

शस्त्र बाळगण्याचा परवाना पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त, तर अन्यत्र जिल्हादंडाधिकारी देतात. पालघर जिल्ह्यात या दोन्ही व्यवस्था आहेत. वसई-विरार भाग २०२० मध्ये स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात मोडतो, तर बोईसर, तारापूर व सालवड हा परिसर जिल्हा पोलिसांच्या हद्दीत आहे.

भारतात या छंदाचा प्रसार न होण्यास कायद्याखेरीज अन्य कारणेही आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे छंद म्हणून शिकार करणे बंद झाले. ऑलिंपिक नेमबाजीतील १० मीटर प्रकारांत हवेच्या दाबावरील शस्त्रे, तर ५० मीटर रायफल आणि २५ मीटर पिस्तूल प्रकारांत पॉइंट टू टू काडतुसे वापरतात. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात मिळवलेले कांस्यपदक याच काडतुसांवरचे आहे. ती पुन्हा भरता येत नाहीत.

महाराष्ट्रातील दारूगोळा उद्योग

पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ साली स्थापन झाला. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे लहान शस्त्रांची काडतुसे, तर भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर येथे स्फोटके व प्रणोदके तयार होतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहेत.

प्रशिक्षित मनुष्यबळ आणि कडक नियम असलेल्या ठिकाणीही या व्यवसायातील धोका पूर्णतः टळत नाही. ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथील केंद्रीय दारूगोळा भांडारात लागलेल्या आगीत दोन लष्करी अधिकारी आणि अनेक अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगर येथील कारखान्यात झालेल्या स्फोटात अनेक कामगारांचा मृत्यू झाला.