मृगापूर्वीचा बांध

आपल्या ज्ञातीच्या नावातच 'आगर' आहे. मिठाचे आगर आणि भाताची खार ही आगरी माणसाची दोन शेते. परंतु या दोहोंस जगविणारी तिसरी वस्तू म्हणजे खाडीचा बांध. तिचा इतिहास आपण फारसा लिहून ठेविलेला नाही. वस्तुतः काल्हेर, कशेळी, अणजूर, खारबाव अशा भिवंडी तालुक्यातील खाडीकाठच्या गावांचा विचार करू लागल्यास प्रथम या बांधाचाच विचार करावा लागतो.

खारजमीन ही समुद्राकडून मागून घेतलेली जमीन होय. बाहेरच्या बाजूस चिकणमातीचा बांध घालावयाचा आणि त्यात उघाडी बसवावयाची. भरतीच्या वेळी उघाडीचे दार पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते, ओहोटीस उघडते व आतील पावसाचे पाणी बाहेर जाते. बांधास खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि त्या वर्षाचे पीक तर बुडतेच, शिवाय पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत पुढील पिकांसही धक्का बसतो. पाणी एकाच्या शेतात शिरून थांबत नाही. म्हणून बांध एकट्याचा असूच शकत नाही. अलिबाग-पेण भागात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन बांध राखण्याच्या या पद्धतीस 'जोळ' म्हणत.

या कामाचे वेळापत्रक कोणत्याही कचेरीत टांगलेले नव्हते. ते ऋतूंनी व चंद्राने ठरविलेले होते. कार्तिकात भाताची कापणी व झोडणी. दिवाळीनंतर मिठागरांची डागडुजी आणि मग पावसाळ्याच्या तोंडापर्यंत मीठ काढणे. मध्यंतरी राबासाठी पाला-कवळ तोडणे व उन्हाळ्यात राब भाजणे. या साऱ्यांतून सवड काढून बांधास माती चढवावयाची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास आगरात पाणी घ्यावयाचे, तर अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी उतरलेले असता बांधाची खांड बुजवावयाची. एकाच चंद्राने दोन्ही कामे वाटून दिली होती! नवी माती उन्हात वाळून बसली पाहिजे, तर मृग लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी, काम आटोपलेले पाहिजे. मृगानंतर तेच हात पेरणीस व पुढे आवणीस लागत. बांध घालणारा आणि बांधामागे पेरणारा माणूस एकच होता; म्हणूनच दिरंगाईस जागा नव्हती.

तथापि या व्यवस्थेचे केवळ गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. बांधावर घाम कुळाचा पडे, जमीन मात्र पुष्कळदा खोताची वा सावकाराची असे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली श्री. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला आणि १९३९ पर्यंत तो चालविला. त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाठिंबा लाभला. ज्याच्या हातांनी जमीन समुद्रातून काढली, त्याचा तिच्यावर हक्क असावा, ही मागणी पुढे कूळकायद्याने मान्य केली. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला, तो याच न्यायाने.

खारबंधाऱ्यांची जबाबदारी १९४८ च्या मुंबई खारजमीन अधिनियमाने सरकारने अंगावर घेतली. १९७९ साली त्या जागी महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आला. गरीब कुळांच्या डोक्यावरील ओझे यामुळे हलके झाले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु एक विसंगतीही शिरली. सरकारचे वर्ष एप्रिलच्या पहिल्या तारखेस सुरू होते. अंदाजपत्रक, मंजुरी व ठेका एवढे सोपस्कार होईतो मृगास कितीसे दिवस उरणार? कागदाचे वर्ष व पावसाचे वर्ष यांचे गोत्र जुळले नाही.

कामाचा काळ श्रमिकाच्या सवडीशी जुळविण्याची दृष्टी महाराष्ट्राने पुढे रोजगार हमी योजनेत दाखविली. श्री. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात कामी आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. शेतात काम नसेल तेव्हा सार्वजनिक काम, हे तिचे सूत्र आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हते.

आज काल्हेर-पूर्णा भागातील पुष्कळ जमिनीवर गोदामे उभी आहेत. २६ जुलै २००५ रोजी भिवंडीत पाणी शिरले, तेव्हा पाण्यास त्याची जुनी वाट आठवते, हे सर्वांनी पाहिले. पावसाळ्यापूर्वी नाले उपसण्याची कामे आजही निघतात. मृगाची मुदत तीच आहे. मात्र गाळ काढणाऱ्याचे शेत त्या नाल्याकाठी नाही, आणि ज्याचे घर तेथे आहे त्याच्या हाती फावडे नाही. जुनी जोळ जशीच्या तशी परत येणार नाही, येऊही नये. परंतु पाण्यामागे राहणाऱ्याने बांधाची तारीख स्वतः राखावी, हे तत्त्व टाकाऊ झालेले नाही.

ज्ञातीतील तरुणांस एवढीच विनंती की, आपल्या गावच्या बांधांची, उघाड्यांची व खाचरांची नावे वडीलधाऱ्यांकडून या उन्हाळ्यातच लिहून घ्यावीत. मृग कोणासाठी थांबत नाही.