आनूप

आनूप : पाणथळ किंवा दमट भूमीत राहणारा, वाढणारा वा तिच्याशी संबंधित, या अर्थाचे संस्कृत विशेषण. ते ‘अनूप’ (पाण्यालगतचा प्रदेश) या शब्दावरून बनले आहे. अनूप शब्दात ‘अनु’ (लगत) आणि ‘अप्’ (पाणी) ही पदे असून, देश असा अर्थ असताना ‘अप्’मधील अकाराचा ऊकार होतो, असा नियम पाणिनीने सांगितला आहे. ‘द्वीप’ शब्दातही हाच ‘अप्’ आहे. तेथे मात्र ईकार होतो.

आयुर्वेदाने भूमीचे जांगल, आनूप व साधारण असे तीन प्रकार मानले. चरकसंहितेच्या कल्पस्थानात आनूप देशाची लक्षणे दिली आहेत : नारळी-केळींची दाट बने, नद्या व समुद्र यांचे सान्निध्य आणि थंड वारे. हे वर्णन मालवणच्या किनाऱ्यास सहज लागू पडते. रेडा, रानडुक्कर, हत्ती इ. प्राण्यांनाही चरकाने आनूप म्हटले आहे. अशा भूमीत कफदोष प्रबळ होतो, असे वैद्यक मानी. त्यामुळे मुळात केवळ स्थलवाचक असलेल्या या शब्दास रोगट भूमीची छटा आली.

अनूप हे एका प्राचीन प्रांताचेही नाव होते. पण तो प्रांत म्हणजे कोकण नव्हे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या काळातील नाशिक येथील लेखात गौतमीपुत्र सातकर्णीच्या ताब्यातील प्रदेशांत अपरांत (कोकण) आणि अनूप यांची नावे वेगवेगळी आली आहेत. अनूप प्रांत नर्मदाकाठी माहिष्मतीच्या परिसरात होता.

सिंधुदुर्गाच्या लोकभाषेत हा शब्द रूढ नाही. तेथे भरतीचे पाणी शिरणाऱ्या खाऱ्या जमिनीस ‘खाजण’, तर पावसाळ्यानंतर ओलावा टिकणाऱ्या सखल शेतांत घेतल्या जाणाऱ्या भातपिकास ‘वायंगण’ म्हणतात. हे शब्द ओल्या भूमीचा दोष न सांगता तिचे स्वरूप व उपयोग सांगतात. खाडीकाठच्या चिखलात चिप्पी, तिवर यांसारखे कांदळवृक्ष वाढतात. दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथे रानजायफळाच्या कुळातील वृक्षांची गोड्या पाण्याची दलदल देवराई म्हणून टिकून राहिली. २०२१ मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. वैद्यकाने सदोष ठरविलेली आनूप भूमी लोकश्रद्धेने येथे पवित्र मानली व म्हणूनच ती वाचली.