मेहरूणच्या तळ्यावर रुसलेले इंजिन

जळगावात पाहुणा आला की आम्ही त्याला दोन गोष्टी हटकून सांगतो. हिवाळ्यात आला असाल तर मेहरूणची बोरे खाल्ल्याशिवाय जाऊ नका. आणि केव्हाही आलात तरी मेहरूणच्या तळ्यावर एक फेरी मारा. मी स्वतः इतिहासाचा मास्तर. पानिपत आणि प्लासी शिकवता शिकवता डोक्याचे केस पांढरे झाले. पण आज ज्या इतिहासाविषयी लिहितो आहे, तो मला कोणत्याही क्रमिक पुस्तकात भेटला नाही. तो भेटला याच तळ्याच्या काठी, एका रुसलेल्या यंत्राच्या निमित्ताने.

काही वर्षांपूर्वीची श्रावणातली संध्याकाळ. तळे भरलेले. दोन पोरे ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून काठाशी डुंबत होती. एकाएकी वारा सुटला आणि बघता बघता ट्यूब आत, खोल पाण्याकडे सरकू लागली. पोरांच्या हाका ऐकून माणसे जमली. काठाला एक होडी होती आणि तिला मोटर होती. होडीच्या पोटात न बसवता मागच्या फळीला बाहेरून अडकवतात, ती ही मोटर. खाली पाण्यात पंखा, वर इंजिन, आणि इंजिनाला चालू करण्याची दोरी.

एका तरुणाने होडीत उडी घेतली आणि दोरी ओढली. इंजिनाने नुसता सुस्कारा टाकला. पुन्हा ओढली. दहा वेळा ओढली, वीस वेळा ओढली. त्याच्या तळहाताची साल निघाली, पण इंजिन ढिम्म. काठावर एका पोराची आई उभी होती. प्रत्येक हिसक्याला तिचे ओठ हलत. शेवटी एका म्हाताऱ्या मासेमाऱ्याने त्या तरुणाला बाजूला केले, तळाशी पडलेली वल्ही उचलली आणि मुकाट्याने होडी हाकारली. पोरे परत आली तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. आईने आधी एक चपराक दिली आणि मग पोटाशी धरले.

मला रात्री झोप आली नाही. ज्या यंत्रावर भरवसा ठेवावा त्याने ऐन वेळी असा दगा का द्यावा?

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर दुरुस्त करायला एक म्हातारे मिस्त्री आले. मीही जाऊन बसलो. त्यांचे तरुणपण खानदेशातल्या विहिरींवरची ऑइल इंजिने दुरुस्त करण्यात गेलेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली, आणि 1946 साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना उभा राहिला. विजेचे पंप येण्यापूर्वी आमच्याकडच्या मळ्यांत त्या जातीच्या इंजिनांचा फुकफुकाट पहाटेपासून ऐकू यायचा. ते डिझेलचे इंजिन. त्याला ठिणगी लागत नाही. आत कोंडलेली हवा दाबाने इतकी तापते की तेल आपणच पेटते. होडीची मोटर पेट्रोलची. तिला मात्र ठिणगी हवी. मिस्त्री म्हणाले, दुखणे कोणतेही असो, विचारायचे प्रश्न तेच. अन्न मिळते का? श्वास चालतो का? आग पेटते का?

त्यांनी आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पाहिला. तो बंद राहिला तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल पुढे येत नाही. स्क्रू उघडा होता. नळीवरचा रबरी फुगा दाबून पाहिला. दोनचार दाबांत तो घट्ट झाला, म्हणजे तिथवर पेट्रोल येत होते. गिअर मधल्या जागी होता. इंजिन बंद पाडणाऱ्या बटणाची दोरी, जी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधतात, तिची चापही जागेवर होती. मग त्यांनी प्लग काढला. तो कोरडा ठणठणीत! सांडलेले पेट्रोल पुसून, वाफ उडून जाऊ देऊन, तारेला जोडलेला प्लग इंजिनाच्या धातूला टेकवला आणि दोरी ओढली. निळी ठिणगी चमकली. मिस्त्री माझ्याकडे पाहून हसले.

"गुरुजी, इंजिन मरेल नही, उपाशी शे."

प्लग ओला असता तर उलटा रोग, अजीर्णाचा. चोक ओढून दोरीला हिसके देत राहिले की पेट्रोल जास्त होते आणि ठिणगी त्यात बुडते. तेव्हा चोक सोडावा, प्लग काढून पुसावा, दोनचार वेळा दोरी ओढून आतले पेट्रोल बाहेर जाऊ द्यावे. इथे मात्र उपास होता. कार्बोरेटर उघडला तर तळाशी मधासारखा चिकट थर. आदल्या पावसाळ्यातले पेट्रोल आतच राहिले होते. त्यातला हलका अंश उडून गेला आणि उरलेल्याचा डिंक झाला. ज्या छिद्रातून पेट्रोलचा फवारा निघायचा ते सुईच्या अग्राएवढे. ते बुजले होते. त्यातून हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असते, ते ओलावा धरून ठेवते. मिस्त्रींनी छिद्र साफ केले, ताजे पेट्रोल घातले, आणि तिसऱ्या ओढीला इंजिन गरजले.

माझ्यातला इतिहासाचा मास्तर तेव्हा जागा झाला. हे यंत्र आले कुठून, म्हणून मी पुस्तके चाळू लागलो, आणि मौज वाटली. या मोटरीचा बराचसा इतिहास म्हणजे ती चालू करण्याच्या खटपटीचा इतिहास आहे!

पॅरिसच्या गुस्ताव्ह त्रुव्हे याने 1881 साली सेन नदीत विजेवर चालणारी काढघालीची मोटर होडीला लावली. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या विद्यार्थ्याने मोटरसायकलचे इंजिन खुर्चीच्या पाठीला अडकवलेले पाहिले आणि हेच होडीला का अडकवू नये, असे त्याच्या मनात आले, असे सांगतात. 1905 साली त्याने डेट्रॉइट नदीत प्रयोग केला. पण घरोघर नाव झाले ते ओले एव्हिनरूडचे. हा 1877 साली नॉर्वेत जन्मला आणि लहानपणीच अमेरिकेत आला. त्याची गोष्ट अशी सांगतात की, तळ्यातल्या बेटावर सहलीला गेले असता त्याच्या प्रेयसीला, बेसला, आइस्क्रीम खाण्याची लहर आली. बिचारा वल्हवत गेला, वल्हवत आला, आणि आणलेले आइस्क्रीम वाटेतच वितळले. त्या चिडीतून मोटर जन्मली! 1909 साली ती बाजारात आली. दीड अश्वशक्तीची, वजन 62 पौंड. पुढे बेस त्याची पत्नी झाली, आणि पत्रव्यवहार व जाहिरातीची बाजू तिनेच सांभाळली.

त्या पहिल्या मोटरीला ओढायची दोरी नव्हती. वरच्या जड चाकाला एक मूठ होती. ती धरून चाक गरकन फिरवायचे. इंजिन पेटले की मूठही चाकाबरोबर फिरे आणि बेसावध माणसाची बोटे सडकून निघत. मग चाकाला गुंडाळायची सुटी दोरी आली, आणि पुढे आपोआप परत गुंडाळली जाणारी दोरी. त्याच चाकात लोहचुंबक असतात. ते वेटोळ्याजवळून सरकले की वीज उपजते आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. म्हणजे दोरी ओढणारा हातच ती आग पेटवतो. एव्हिनरूडने 1921 साली दोन सिलिंडरांची, 48 पौंडांची, चालू करायला सोपी अशी नवी मोटर काढली. त्या मोटरीचा प्रत्येक सुटा भाग मला आता कुणाच्या तरी सोललेल्या बोटांची आठवण वाटतो.

पण पुस्तके शोधकांपाशी थांबतात. मोटर जपणाऱ्याचे नाव त्यांत नसते. एव्हिनरूड नावाच्या मोटरींचे उत्पादनही 2020 साली बंद झाले. खानदेशातले ते मिस्त्री मात्र सुईएवढे छिद्र साफ करून दोन पोरांच्या वाटेवरचा धोका दूर करून गेले. आपण खंडेनवमीला इंजिनाला झेंडूचा हार घालतो, कुंकू लावतो, आणि आत वर्षाचे शिळे पेट्रोल तसेच ठेवतो! पूजा झाली, सेवा राहिली. दगा यंत्राने दिला नव्हता. अकरा महिने ज्याची विचारपूस केली नाही, त्याला बाराव्या महिन्यात आम्ही हाक मारली होती.

मिस्त्रींनी जाताना सांगितलेला नेम आम्ही आता पाळतो. पावसाळा सरला की पेट्रोलची नळी काढून इंजिन चालू ठेवायचे, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होऊन ते आपणच थांबते. टाकीही रिकामी करायची. ज्येष्ठ लागला की मोटर पाण्याच्या पिंपात उभी करून चालवून पाहायची. कोरडी कधी चालवायची नाही, कारण तिला गार ठेवणारे पाणी बाहेरूनच येते. यंदाच्या ज्येष्ठात दोरी ओढायला जो उभा राहिला, तो त्या ट्यूबवरच्या दोघांपैकी एक. आता त्याला मिसरूड फुटले आहे. दुसऱ्या ओढीला इंजिन लागले आणि त्याने माझ्याकडे वळून पाहिले.

बेसच्या जाहिरातीचा सूर असा होता की, आता वल्ही टाकूनच द्या. तिचे सारे काही मला पटते, एवढे सोडून. आमच्या होडीत वल्ही अजून आहेत. दर ज्येष्ठात त्यांनाही आम्ही तेल लावतो.